रात्री नऊची परीक्षा : ब्रॉडबँडबद्दल वाचकांचे प्रश्न

या वेळच्या पत्रांत एक तक्रार पुन्हा पुन्हा आली आहे: प्लॅनवरचा आकडा मिळतो, तरी नेट नीट चालत नाही. हे शक्य आहे आणि त्याला कारणंही आहेत. प्लॅनचा आकडा ही फक्त तुमच्या लाइनवर घातलेली वरची मर्यादा. तिथपर्यंत पोचता येईल की नाही हे इतर बऱ्याच ठिकाणी ठरतं, आणि त्यांतली बहुतेक ठिकाणं शेकडो घरांची सामाईक असतात. म्हणून पहिल्या प्रश्नाला मुद्दाम जास्त जागा दिली आहे.

प्रश्न : माझा प्लॅन २०० एमबीपीएसचा आहे. दुपारी सगळं सुरळीत असतं. रात्री साडेआठ ते अकराच्या दरम्यान व्हिडिओ सारखा थांबतो, चित्र धूसर होतं. त्याच वेळी स्पीड टेस्ट घेतली तर ती १८०-१९० दाखवते. कंपनी तोच आकडा पुढे करून 'लाइन ओके' म्हणते आणि तक्रार बंद करते. टेस्ट खोटी असते का?

उत्तर : टेस्ट खोटी नसते, ती अर्ध्या रस्त्याची असते. टेस्टचं ॲप आपणहून सर्वांत जवळचा सर्व्हर निवडतं आणि तो बरेचदा तुमच्याच कंपनीच्या नेटवर्कमध्ये बसवलेला असतो. घरापासून कंपनीच्या केंद्रापर्यंतचा भाग तेवढा मोजला जातो. व्हिडिओ त्याच्याही पलीकडून येतो.

पूर्ण रस्ता चार टप्प्यांचा आहे. घरातला वाय-फाय किंवा वायर, घरातल्या ओएनटीपासून (फायबर जिथे येऊन मिळते ती पेटी) कंपनीच्या ओएलटीपर्यंतची (अनेक घरांच्या फायबर जिथे जुळतात ते केंद्रातलं यंत्र) फायबर, ओएलटीपासून मुख्य राउटरपर्यंतची लिंक, आणि तिथून बाहेरच्या नेटवर्कशी असलेल्या जोडण्या. पहिला टप्पा एकट्या तुमचा, पुढचे तिन्ही सामाईक.

फायबरचा टप्पा आधी पाहू. एका फायबरवर अनेक घरं जोडणाऱ्या, सर्वत्र रुळलेल्या जीपॉन पद्धतीत ओएलटीच्या एका पोर्टवरून खाली येणारा वेग २.४८८ जीबीपीएस (१ जीबीपीएस म्हणजे १००० एमबीपीएस) आणि वर जाणारा १.२४४ जीबीपीएस असतो. प्रकाश वाटून देणारा स्प्लिटर लावून हे एक पोर्ट ३२ किंवा ६४ घरांत वाटतात. ६४ ने भागलं तर घरटी ३९ एमबीपीएसच येतात आणि विकलेला प्लॅन २०० चा आहे! तरी यात फसवणूक नाही. सगळी घरं एकाच सेकंदाला पूर्ण वेगानं ओढत नाहीत. एचडी व्हिडिओला साधारण ५ आणि फोर-केला १५ ते २५ एमबीपीएस लागतात, तेही सलग नाही, तुकड्यातुकड्यानं. गर्दीच्या तासाला घरटी सरासरी ३ एमबीपीएस धरले तर हजार घरांना ३ जीबीपीएसची लिंक भरते. घरं दीड हजार झाली आणि सरासरी ४ वर गेली, तर तीच गरज ६ जीबीपीएस होते. हिशेब जुळतो, पण तो दर महिन्याला पुन्हा मांडावा लागतो. चांगली कंपनी आणि वाईट कंपनी यांच्यातला फरक बऱ्याच अंशी इथेच आहे.

लिंक किती भरली हे कंपनी आलेखावर बघते, आणि तो आलेख सहसा पाच मिनिटांच्या सरासरीचा असतो. सरासरी ८५ टक्के दिसली म्हणजे १५ टक्के जागा मोकळी आहे, असा अर्थ काढणं चूक आहे. त्या पाच मिनिटांत ती लिंक कित्येकदा काही मिलिसेकंदांसाठी पूर्ण भरून गेलेली असते. तेवढ्यात आलेली पॅकेट, म्हणजे डेटाचे छोटे तुकडे, आधी रांगेत थांबतात, रांगही भरली की टाकून दिली जातात. म्हणून सावध अभियंते लिंक ७० टक्क्यांच्या आसपास गेली की वाढवायला घेतात; नवी क्षमता हातात पडेपर्यंत आठवडे जातात. आणि एक लिंक तुटली तर दुसरीनं सगळा भार उचलावा अशी जोडी ठेवली असेल, तर ऐन गर्दीतही दोन्ही निम्म्याहून कमी भरलेल्या असल्या पाहिजेत. नाही तर एक तुटल्यावर दुसरी तुंबते.

थोडी पॅकेट हरवली तर एवढा फरक का पडतो? पॅकेट हरवलं की पाठवणारा सर्व्हर 'रस्ता भरलाय' असं समजून वेग आखडतो. डेटा पाठवायची नेहमीची टीसीपी पद्धत धरली, जाऊन-येऊन ५० मिलिसेकंद आणि १ टक्का पॅकेट हरवणं धरलं, तर एका जोडणीचा वेग जेमतेम ३ एमबीपीएस राहतो, मग प्लॅन २०० चा असो की १००० चा. स्पीड टेस्ट एकाच वेळी अनेक जोडण्या उघडते आणि तिचा सर्व्हर जवळ असतो, त्यामुळे हा दोष तिच्यात झाकला जातो.

तुमच्या वर्णनावरून दोष चौथ्या टप्प्यात असण्याची शक्यता मला सर्वांत जास्त वाटते. मोठ्या व्हिडिओ सेवा आपला साठा कंपनीच्या केंद्रात ठेवायला यंत्रं देतात, त्यांना कॅश म्हणतात. नेटफ्लिक्सची 'ओपन कनेक्ट' आणि गुगलची 'ग्लोबल कॅश' ही त्यांची उदाहरणं. लोकप्रिय व्हिडिओ मग केंद्रातूनच मिळतो. बाकीची वाहतूक इंटरनेट एक्स्चेंजवर, म्हणजे नेटवर्क एकमेकांना जोडली जातात त्या जागी, थेट देवाणघेवाणीनं होते, आणि जे तिथेही मिळत नाही ते एखाद्या मोठ्या नेटवर्ककडून विकत घेतलेल्या ट्रान्झिटवरून येतं. कॅशचं यंत्र बंद पडलं, त्याचं पोर्ट भरलं किंवा एक्स्चेंजचं पोर्ट अपुरं पडलं की सगळा लोंढा ट्रान्झिटवर जातो. खर्च वाचवायचा झाला की हात आखडतो तोही इथेच, कारण ग्राहकाला हा भाग दिसत नाही.

हे सिद्ध करायला एक आठवडा पुरतो. लॅपटॉप वायरनं राउटरला जोडा. रोज दुपारी दोनला आणि रात्री नऊला तीन टेस्ट घ्या: कंपनीच्या स्वतःच्या सर्व्हरवर, त्याच शहरातल्या दुसऱ्या कंपनीच्या सर्व्हरवर, आणि दूरच्या शहरातल्या सर्व्हरवर. चौथी टेस्ट फास्ट डॉट कॉमवर घ्या. ती नेटफ्लिक्सच्या सर्व्हरवरूनच मोजते, म्हणजे व्हिडिओच्या खऱ्या वाटेची असते. पहिली टेस्ट रात्री टिकते आणि बाकीच्या कोसळतात, असं दिसलं तर दोष कंपनीच्या बाहेरच्या जोडण्यांचा. चारही कोसळल्या तर स्प्लिटर पोर्ट किंवा ओएलटीची लिंक. तक्रारीत 'स्लो आहे' असं लिहू नका, हा तक्ता जोडा आणि 'नेटवर्क विभागाकडे पाठवा' असं स्पष्ट लिहा. तक्ता असेल तर घरी माणूस पाठवून राउटर बदलण्याचा सोपस्कार टळतो.

प्रश्न : नेट दर पावसाळ्यात अधूनमधून जातं. लाइनमन मीटर लावून 'उणे २६ आहे, चालतंय' म्हणाला आणि गेला. उणे २६ म्हणजे चांगलं की वाईट?

उत्तर : वाईट. चालतंय हे खरं, पण काठावर चालतंय.

तो आकडा तुमच्या घरापर्यंत पोचलेल्या प्रकाशाची शक्ती आहे, डीबीएममध्ये (डीबीएम हे शक्तीचं माप, डीबी हा तिच्यातला फरक; उणे आकडा जितका मोठा तितका प्रकाश कमी). नेहमीच्या बी प्लस वर्गाच्या उपकरणांत ओएनटीची मर्यादा उणे २७ धरतात. त्याखाली प्रकाश गेला की चुका वाढतात आणि लाल दिवा लागतो. म्हणजे तुमच्याकडे फक्त १ डीबी शिल्लक आहे. कनेक्टरवर थोडी धूळ बसली किंवा केबल जराशी दबली तरी तेवढं जातं.

आता किती असायला हवं होतं ते मोजू. ओएलटीमधून निघताना शक्ती समजा अधिक ३. वाटेत दोन स्प्लिटर, एक १:४ आणि पुढे एक १:८, मिळून ३२ घरं. पहिल्यात साधारण ७.२ डीबी जातात, दुसऱ्यात १०.५. फायबर ६ किलोमीटर, किलोमीटरला पाव डीबी, म्हणजे १.५. चार कनेक्टर प्रत्येकी ०.३ चे, म्हणजे १.२. फायबर वितळवून जोडणाऱ्या फ्यूजन मशिनवर केलेले सहा जोड प्रत्येकी ०.१ चे, म्हणजे ०.६. एकूण घट २१. अधिक ३ मधून २१ वजा केले की उणे १८ उरतात. तुमच्याकडे अंतर आणि स्प्लिटर साधारण असेच असतील, तर ८ डीबी कुठेतरी वाया जात आहेत. ३ डीबीला प्रकाश निम्मा होतो, म्हणजे ८ डीबीला तो सहाव्या हिश्शाच्या आसपास येतो. एवढी गळती कुठल्या तरी एका बिंदूवर असते आणि ती सापडते.

सर्वांत आधी कनेक्टर बघायला सांगा. हिरव्या टोकाच्या कनेक्टरचा चेहरा ८ अंशांनी तिरपा घासलेला असतो, निळ्याचा सरळ. हिरवा निळ्यात खुपसला की मध्ये फट राहते, घट वाढते आणि टोकं खराब होतात. घाईच्या दुरुस्तीत हे होतं. दुसरी गोष्ट म्हणजे टोकाची सफाई. शर्टाच्या बाहीनं किंवा बोटानं पुसलेलं टोक आणखी घाण होतं. त्यासाठी क्लिक करून वापरायचा क्लीनर किंवा धागे न सुटणारा कोरडा कागद लागतो. तिसरी गोष्ट वाक. जुन्या जी.६५२ डी प्रकारच्या फायबरला ३० मिलिमीटरहून कमी त्रिज्येचा वाक सहन होत नाही. घरात वापरायची जी.६५७ ए२ साडेसात मिलिमीटरपर्यंत सहन करते. दाराच्या चौकटीत चेपलेली किंवा खिळ्याला घट्ट गुंडाळलेली केबल ही कायमची दुखापत समजा.

वाक की घाण, हे उघडून न बघताही कळतं. लाइनमनला दोन तरंगलांबींवर मोजायला सांगा, १३१० आणि १५५० नॅनोमीटर. १५५० वर घट बरीच जास्त आली तर कुठेतरी वाक आहे, कारण लांब तरंग वाकातून लवकर बाहेर पडतो. दोन्हीवर घट सारखीच वाढलेली असेल तर कनेक्टर किंवा जोड तपासा. पावसाशी संबंध असेल तर खांबावरचं किंवा चेंबरमधलं जॉइंट क्लोजर, म्हणजे जोडांची बंद पेटी, उघडून बघितलंच पाहिजे. रबरी सील नीट बसलं नाही की पाणी आत जमतं.

उणे १५ ते उणे २४ च्या दरम्यानचा आकडा निर्धास्त राहण्यासारखा. उलट टोकालाही मर्यादा आहे: उणे ८ पेक्षा जोरदार प्रकाश आला तर ओएनटीचा डोळा दिपतो आणि तेव्हाही चुका होतात. आणि कृपा करून फायबरच्या उघड्या टोकात डोकावू नका. त्यातला प्रकाश अवरक्त असतो, डोळ्याला दिसत नाही, पण इजा करू शकतो.

प्रश्न : प्लॅन ३०० चा घेतला, पण वायरनं जोडूनही ९४ च्या वर कधीच जात नाही. दिवस असो, रात्र असो, ९४.

उत्तर : इतका नेमका ९४ आला की कंपनीकडे बघायची गरज नाही. १०० एमबीपीएसच्या इथरनेट पोर्टमधून प्रत्यक्षात तेवढेच निघतात. केबलमध्ये तारांच्या चार जोड्या असतात. गिगाबिटला चारही लागतात, १०० ला दोन पुरतात. एक तार तुटली, किंवा प्लग क्रिंप करताना नीट बसली नाही, की दोन्हीकडची उपकरणं आपसात ठरवून १०० वर उतरतात, बोभाटा न करता. कॅट ५ई किंवा कॅट ६ ची तयार पॅचकॉर्ड लावून बघा. तरी ९४ च राहिले तर राउटरची किंवा ओएनटीची पोर्टच १०० ची आहेत. गिगाबिट पोर्टची कमाल ९४० च्या आसपास येते, तेही लक्षात असू द्या. १००० च्या प्लॅनवर ९४० मिळाले तर ते पूर्ण मिळाले.

प्रश्न : राउटरच्या खोलीत २५०, आतल्या खोलीत १२. कंपनी बदलू का?

उत्तर : नको, राउटर हलवा. हा दोष नेटवर्कचा नाही. ५ गिगाहर्ट्झचा वाय-फाय वेगवान आहे, पण विटांच्या दोन भिंतींत थकतो. २.४ गिगाहर्ट्झ लांब जातो, पण तिथे एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच: १, ६ आणि ११. आजूबाजूच्या सगळ्यांचे राउटर तिथेच ओरडत असतात. २.४ वर चॅनेलची रुंदी २० मेगाहर्ट्झच ठेवा. राउटर टीव्हीमागे, धातूच्या कपाटात किंवा जमिनीवर ठेवू नका. घर लांबट असेल तर आतल्या भागात वाय-फाय देणारा दुसरा ॲक्सेस पॉइंट वायरनं जोडून लावा. एकाच रेडिओवर ऐकणारा आणि बोलणारा स्वस्त रिपीटर वेग निम्म्यावर आणतो.

प्रश्न : व्हिडिओ कॉल चालू असताना घरातल्या कुणाच्या फोनवरून फोटोंचा बॅकअप सुरू झाला की आवाज तुटतो. अपलोड १० एमबीपीएसचा आहे, कॉलला तर दोन-तीनच पुरतात ना?

उत्तर : वेग पुरतो, रांग पुरत नाही. राउटरमध्ये आणि कंपनीच्या ओएनटीमध्ये बाहेर जाणाऱ्या पॅकेटांसाठी साठवणजागा असते आणि ती बरेचदा गरजेपेक्षा मोठी ठेवलेली असते. बॅकअप ती पूर्ण भरतो. समजा ती १ मेगाबाइटची आहे. १० एमबीपीएसनं ती रिकामी व्हायला ०.८ सेकंद लागतो. तुमच्या आवाजाचं छोटंसं पॅकेट त्या रांगेच्या शेपटीला उभं राहतं आणि पाऊण सेकंद उशिरा निघतं. तोवर पलीकडच्या माणसाला तुटक शब्द ऐकू आलेले असतात.

खात्री करायची तर एका खिडकीत पिंग (पॅकेट जाऊन-येऊन लागणारा वेळ मोजणारी आज्ञा) चालू ठेवा आणि दुसरीकडे मोठी फाइल चढवा. १५ मिलिसेकंदांचे ४००-८०० झाले तर निदान पक्कं. उपाय राउटरमध्येच आहे: रांग आवरणारी 'एसक्यूएम' नावाची सोय, तिच्यात 'केक' किंवा 'एफक्यू-कोडेल' निवडा आणि दोन्ही दिशांचा वेग प्रत्यक्ष मिळणाऱ्या वेगाच्या ९० टक्के भरा. इथे अपलोडला ९. तो १ एमबीपीएस सोडल्यामुळे रांग कंपनीच्या उपकरणात न साचता तुमच्या राउटरमध्ये येते आणि राउटर प्रत्येकाला आळीपाळीनं वाट देतो. माझ्या मते घरच्या इंटरनेटमधली ही सर्वांत दुर्लक्षित सुधारणा आहे. राउटरमध्ये ही सोय नसेल तर बॅकअपची वेळ पहाटेची ठेवा, किंवा बॅकअपच्या ॲपमध्ये वेगाची मर्यादा असेल तर ती घाला.

प्रश्न : रस्ता खोदताना केबल तुटली आणि अख्खा परिसर नऊ तास बंद होता. कंपनीच्या जाहिरातीत 'रिंग नेटवर्क, ९९.९ टक्के चालू' असं लिहिलेलं आहे. रिंग असेल तर एक केबल तुटल्यानं काय बिघडतं? मी दुसऱ्या कंपनीचंही कनेक्शन घेतलं होतं, तेही त्याच वेळी गेलं!

उत्तर : आधी आकडा. ९९.९ टक्के म्हणजे वर्षात ८ तास ४६ मिनिटं बंद राहण्याची मुभा. ९९.९९ म्हणजे ५३ मिनिटं. तुमच्या एका खोदकामानं पहिला वर्षभराचा कोटा संपवला. शिवाय हा दावा कशाचा आहे ते विचारा. तो बहुधा मुख्य केंद्राचा असतो, तुमच्या दारापर्यंतचा नसतो.

खरी रिंग काय करते? ओएलटीपासून मुख्य केंद्राकडे दोन दिशांनी फायबर जाते. एक तुटली की वाहतूक उलट्या दिशेनं वळते. जी.८०३२ सारख्या पद्धतीत हे वळण ५० मिलिसेकंदांच्या आत होतं, चालू कॉलसुद्धा तुटत नाही. पण पुष्कळदा नकाशावर रिंग असते आणि जमिनीत चर एकच. जाणारी आणि येणारी फायबर एकाच डक्टमध्ये (जमिनीखालच्या नळीत), कधी तर एकाच केबलच्या दोन तारांत. खोदणाऱ्या यंत्राचा दात दोन्ही एकदम तोडतो. तुमचं दुसरं कनेक्शनही गेलं त्याचं कारण बहुधा हेच: दोन कंपन्या, पण खांब किंवा डक्ट तेच, किंवा दोघींनी एकाच तिसऱ्या कंपनीची फायबर भाड्यानं घेतलेली. दुसरं कनेक्शन घ्यायचं असेल तर माध्यम वेगळं घ्या, एक फायबर आणि दुसरं मोबाइल नेटवर्कवरचं. निदान केबल इमारतीत कुठून शिरते ते स्वतः बघा.

रिंगच्या पुढचा भाग, म्हणजे ओएलटी ते तुमचं घर, हा झाडाच्या फांद्यांसारखा असतो. तिथे दुसरी वाट जवळजवळ कधीच नसते. तिथे भरवसा ठरतो दुरुस्ती किती चटकन होते यावर. ओटीडीआर यंत्र फायबरमध्ये प्रकाशाचे स्पंद सोडून तुटल्याचं अंतर सांगतं, समजा ३.४२ किलोमीटर. पण ते फायबरचं अंतर, रस्त्याचं नाही. दर जॉइंटला केबलचे काही मीटर वेटोळे राखलेले असतात आणि नळीतली फायबर पीळ घेऊन जाते, त्यामुळे तिची लांबी केबलपेक्षा थोडी जास्तच भरते. कुठल्या चेंबरमध्ये किती वेटोळं आहे याची नोंद असलेली कंपनी थेट योग्य जागी पोचते. नोंद नसलेली कंपनी चार ठिकाणी उकरते, आणि नऊ तास असे जातात. जोडकाम तुलनेनं लवकर होतं, पण ४८ तारांची केबल असेल आणि मध्ये नवा तुकडा घालावा लागला तर दोन टोकांत मिळून ९६ जोड लागतात, म्हणून अनुभवी लोक मुख्य लिंकची फायबर आधी जोडतात.

दुसरं मोठं कारण वीज. पूर्ण फायबर जाळ्यात वाटेतल्या स्प्लिटरला वीज लागत नाही. ती फक्त केंद्रात आणि तुमच्या घरी लागते. काही ठिकाणी मात्र फायबर इमारतीपर्यंतच येते आणि पुढे गच्चीवरच्या किंवा जिन्यातल्या स्विचमधून वायरनं घरोघर जाते. त्या स्विचची वीज गेली की सगळे गेले, आणि उन्हात तापलेल्या पेटीत बॅटरी लवकर मरते. केंद्रातल्या ४८ व्होल्टच्या बॅटऱ्यांचंही तेच. व्होल्टेज बरोबर दाखवणारी जुनी बॅटरी भार टाकल्यावर दहा मिनिटांत बसते. भार टाकून केलेली चाचणी हीच चाचणी.

घरच्या बॅकअपचा हिशेबही चुकतो. ओएनटी आणि राउटर मिळून १५ वॅट धरा. ८८०० एमएएचच्या छोट्या यूपीएसवर तो आकडा आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचा असतो, बाहेर मिळणाऱ्या १२ व्होल्टचा नाही. म्हणजे साधारण ३२ वॅट-तास, रूपांतरातली घट वजा जाता २७. पावणेदोन तास चालेल, सात तास नाही.

प्रश्न : इमारतीतल्या दहा-बारा घरांचं नेट एकदम जातं, काही मिनिटांनी येतं, पुन्हा जातं. केबल तर शाबूत आहे.

उत्तर : एका पोर्टवरची सगळी घरं वर पाठवताना एकच तरंगलांबी वापरतात, म्हणून ओएलटी प्रत्येक ओएनटीला बोलायची वेळ ठरवून देतो. एखादा बिघडलेला ओएनटी वेळ नसतानाही प्रकाश सोडत राहिला की बाकी सगळ्यांचं बोलणं त्यात बुडतं. कंपनीनं त्या पोर्टवरचे ओएनटी एकेक करून बंद करत शोधायचं असतं. तुम्ही शेजाऱ्यांशी बोलून नेट बंद होण्याच्या वेळा लिहून दिल्यात तर काम सोपं होईल. कुणाचा तरी ओएनटी चालू केल्यावरच त्रास सुरू होतो, असं बऱ्याचदा त्या यादीतून दिसतं.

प्रश्न : घरातला कॅमेरा बाहेरून दिसत नाही, गेममध्ये 'स्ट्रिक्ट नॅट' येतं आणि संकेतस्थळं सारखी 'तुम्ही माणूस आहात का' विचारतात. राउटरमध्ये पोर्ट उघडूनही उपयोग नाही.

उत्तर : राउटरच्या पानावर वॅन पत्ता, म्हणजे राउटरला बाहेरून मिळालेला पत्ता, बघा. तो १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशानंही सुरू होत असेल तर तुम्ही सीजीनॅटमागे, म्हणजे कंपनीच्या सामाईक पत्त्यामागे, आहात. हे पत्ते २०१२ मध्ये याच कामासाठी राखून ठेवले गेले. जुने आयपीव्ही४ पत्ते संपल्यामुळे कंपनी एकाच जाहीर पत्त्यामागे अनेक घरं बसवते. एका पत्त्याला ६५,५३६ पोर्ट (इथे पोर्ट म्हणजे जोडणीचा क्रमांक, वायरची खाच नव्हे). सुरुवातीची १०२४ सोडली आणि ६४ घरांत वाटली तर प्रत्येकाला १००८ येतात. एक पान उघडायला डझनावारी जोडण्या लागतात, त्यामुळे माणसं आणि उपकरणं जास्त असलेल्या घरात हा वाटा संपतो. मग काही पानं उघडतात, काही लटकतात, आणि स्पीड टेस्ट मात्र उत्तम येते. त्या ६४ घरांपैकी कुणाच्या संगणकातून कचरा बाहेर पडत असेल तर संशय सगळ्यांवर येतो, म्हणून ते प्रश्न.

तुमच्या राउटरवरचं पोर्ट उघडून उपयोग नाही, कारण पुढचं दार कंपनीचं आहे. स्वतंत्र स्थिर पत्ता मागा, किंवा त्याहून बरं म्हणजे आयपीव्ही६ चालू आहे का विचारा. त्यात प्रत्येक उपकरणाला स्वतःचा पत्ता मिळतो आणि हा सगळा गुंता उरत नाही. फायरवॉल मात्र चालूच ठेवा.

आणखी एक दोष याच्यासारखाच दिसतो. कनेक्शन लॉगिन घालावं लागणाऱ्या पीपीपीओई पद्धतीचं असेल तर पॅकेटची कमाल लांबी १५०० ऐवजी १४९२ असते, ८ बाइट त्या वेष्टनात जातात. राउटरमध्ये १५०० ठेवलं तर ठरावीकच संकेतस्थळं अर्धवट उघडतात. एमटीयू, म्हणजे ही कमाल लांबी, १४९२ करा आणि 'एमएसएस क्लॅम्पिंग' चालू करा.

प्रश्न : गेमचा सर्व्हर १००० किलोमीटरवर आहे, पिंग ७० येतो. मोठा प्लॅन घेतला तर कमी होईल का?

उत्तर : नाही. काचेतून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे १००० किलोमीटरची फेरी १० मिलिसेकंदांत होते. केबल सरळ रेषेत नसते म्हणून १५ धरा, उपकरणांचे आणि घरच्या फायबरचे आणखी थोडे. पंचवीसच्या आत यायला हवं. ७० म्हणजे तुमची पॅकेट भलत्याच शहराची फेरी मारून येत आहेत, कारण तुमच्या कंपनीची त्या नेटवर्कशी जवळपास कुठे थेट जोडणी नाही.

ट्रेसरूट, म्हणजे पॅकेट कुठल्या राउटरांतून जातात त्याची यादी, घेऊन कंपनीला पाठवा. वाटेतल्या राउटरांच्या नावांत शहरांची संक्षिप्त रूपं बरेचदा दिसतात. एक सावधगिरी: मधल्याच एखाद्या ओळीत पॅकेट हरवताना दिसली म्हणून ओरडू नका. राउटर स्वतःला आलेल्या पिंगला उत्तर देणं हे दुय्यम काम मानतो. त्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत सगळीकडे हरवत असतील तरच तो दोष.

प्रश्न : नवं कनेक्शन घ्यायचंय. विक्रेत्याला काय विचारू?

उत्तर : विक्रेत्याला थोडंच माहीत असतं, पण हे विचारा: फायबर थेट घरात येणार की इमारतीतल्या स्विचपर्यंत? एका पोर्टवर किती घरं, ३२ की ६४? जीपॉन की दोन्ही दिशांना १० जीबीपीएस देणारी एक्सजीएस-पॉन? अपलोड किती? आयपीव्ही६ आहे का? उत्तर 'विचारून सांगतो' असं आलं तरी चालेल. उत्तर घेऊन परत येतात का ते बघा.

बसवणारा आला की जाण्यापूर्वी त्याच्याकडून मीटरचा आकडा घ्या आणि तारखेसह ओएनटीच्या पाठीवर चिकटवा. पुढे कधी बिघाड झाला तर तुलनेला तोच उपयोगी पडेल. आणि पैसे भरण्याआधी त्याच इमारतीत ती कंपनी वापरणाऱ्या कुणाकडे तरी रात्री नऊ वाजता जा आणि वायर लावून दूरच्या सर्व्हरची टेस्ट घ्या.